जळणासाठी कटर घेताय? आधी दुकानात स्पेअर चेन मागून बघा

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. घरात गॅस आहे पण भात-भाकरी चुलीवर आणि आंघोळीचं पाणी बंबात, त्यामुळे दर मे महिन्यात पावसाळ्याच्या जळणाची बेगमी करावीच लागते. कटरवाला (चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरचं साखळीचं करवत घेऊन येणारा) आता तारीखच देत नाही, सगळ्या वाडीची लाकडं एकदमच असतात ना. म्हणून यंदा स्वतःचंच मशीन घ्यायचं ठरवलंय. लाकूड म्हणजे जास्त करून आकेशिया, म्हातारे झालेले काजू, कधी वाऱ्यात पडलेला आंबा. ऑनलाइन ५८ सीसी, २२ इंची बार (ज्यावरून चेन फिरते ती पट्टी) असलेलं सहा-सात हजारात दिसतंय आणि इथला दुकानदार ३२ सीसीचं दाखवून दुपटीच्या वर सांगतोय. कमी सीसीला जास्त पैसे का मोजायचे?

उत्तर: दुकानदारावर चिडू नका, या वेळी तो बरोबर सांगतोय असं माझं मत आहे.

सीसीचा आकडा बघून मशीन घेतलं की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीकडं आंबे, फणस, माड, सुपारी सगळं आडवं झालं, रस्ते बंद, घरावर झाडं, आणि कटर मिळेना. त्या घाईत मी असंच एक मोठ्या सीसीचं स्वस्त मशीन उचललं. आठ दिवस चाललं आणि मग बारला ऑइलच येईना, ऑइल पंप गेला होता. तो पार्ट चिपळूण, रत्नागिरी कुठंच मिळाला नाही, विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, आणि परसात अर्धा कापलेला फणस तसाच पडून राहिला. त्या दिवसापासून मला कोणी विचारलं तर मी आधी एकच गोष्ट सांगतो, दुकानात जाऊन मशीन मागायच्या आधी त्या मशीनची चेन, स्टार्टरची दोरी आणि ऑइल पंप मागा. लगेच काढून दिलं, निदान चार दिवसात आणून देतो म्हणाला, तरच पुढं बोला.

आता तुमच्या कामाचं. आकेशिया आणि काजूचे जळणाचे ओंडके साधारण फूटभर जाडीचे, त्याला १६ इंची बार पुरतो. १६ इंच म्हणजे ४० सेंटिमीटर, आणि आंब्याचा बुंधा त्याहून जाड निघाला तर एका बाजूनं अर्धा कापून दुसऱ्या बाजूनं यायचं, हे सगळे कटरवाले करतातच. स्टिल कंपनीचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं, बार-चेन न धरता चारेक किलोचं, घरच्या जळणाला छान. वाडीतल्या इतरांचं पण कापून द्यायचा विचार असेल, किंवा दरवर्षी जाड आंबे-फणस येणार असतील, तर एमएस २५० बघा, ते ४५.४ सीसीचं. हुस्क्वार्ना कंपनीत ३८ सीसीचं २३६ पण याच पंगतीतलं. यातलं कुठलं घ्यायचं ते तुमच्या जवळ कोणाचा मिस्त्री आहे त्यावर ठरवा, माझ्या आवडीवर नको. आणि तुलना करायचीच तर सीसीची नको, कागदावर किलोवॅट किती लिहिलेत ते बघा, खरी ताकद तिथं कळते.

२२ इंची बारचं मशीन पेट्रोल-ऑइल भरून हातात धरलं की सहा-सात किलोच्या पुढं जातं. सकाळी काही वाटत नाही पण दुपारी अकराला हात भरून येतात, टोक खाली झुकतं आणि मातीला लागतं. तांबड्या मातीला चेन एकदा लागली की धार गेली, मग ५८ सीसी असो नाहीतर ८० सीसी असो, ते लाकूड कापत नाही, घासतं. भुसा जाड चिपांसारखा पडतोय तोवर दात चांगले, पिठासारखा बारीक पडायला लागला की थांबा आणि कानस घ्या. जोर देऊन दाबत बसू नका, बार तापतो, चेन सैल होते आणि मशीन बिचारं उगाच मरतं. म्हणून मशीनबरोबरच गोल कानस आणि एक जादा चेन घ्या. लहान मशीनला बहुतेक ३/८ इंची लो प्रोफाइल (बुटक्या दातांची) चेन असते, तिला ४ मिलीमीटरची कानस, ०.३२५ इंच पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) ४.८ ची. चेन मागताना पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंक (खाचेत बसणाऱ्या कड्या) किती ते तिन्ही सांगायचं, नुसतं सोळा इंची द्या म्हटलं तर चुकीची गळ्यात पडते. ओंडके जमिनीवर ठेवून कापू नका, चार दांडक्यांची घोडी ठोकून घ्या, कंबरही वाचते आणि धारही.

पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालायचं, मोटारसायकलच्या इंजिनातलं फोर-टी नाही. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली, तुमच्या मशीनच्या पुस्तकात जे आहे तेच, अंदाजानं बूच-दोन बूच ओतायचं नाही, कमी पडलं तर पिस्टन धरतो. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपला पावसाळा म्हणजे हवेत पाणीच, त्यामुळे जळण संपलं की टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच माळ्यावर ठेवा. नाहीतर दिवाळीनंतर दोरी ओढून ओढून खांदा निखळेल तरी चालू व्हायचं नाही, कार्बोरेटर चिकटलेला असतो. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालतात बरेच जण, स्वस्त पडतं म्हणून, पण त्यात धातूचा कीस असतो आणि तोच ऑइल पंप खातो.

हे शेवटचं पण मनापासून. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकला की मशीन उसळून तोंडाकडं येतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. चेन ब्रेक (चेन झटक्यात थांबवणारा) नसलेलं किंवा तो चालत नसलेलं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. दुकानातच पुढचं हँडगार्ड ढकलून ब्रेक बघा, आणि रेस न देता मशीन नुसतं गुरगुरत असताना चेन फिरता कामा नये हेही बघा. जाळीचं हेल्मेट, बूट, जाड पँट, लुंगी-टॉवेलवर अजिबात नाही. खांद्याच्या वर नाही, शिडीवर नाही, एकटं असताना नाही.

अजून एक, तुम्ही पडलेला आंबा लिहिलंत म्हणून. उभा आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, जागा स्वतःची असली तरी तोडायला परवानगी लागते. मशीन घरात आलं की हात शिवशिवतात, आधी वनविभागाच्या ऑफिसात विचारून घ्या.

प्रश्न: माझे मिस्टर बाहेरगावी असतात. बंबाला तुकडे मीच करते, कुऱ्हाड आता झेपत नाही. लाइटवरचा कटर चालेल का? (एक वाचक भगिनी, आजरा)

उत्तर: ताई, अंगणातल्या कामाला अगदी चालेल, मी तर तुम्हाला तोच घ्या म्हणेन. दोरी ओढायची नाही, धूर नाही, पेट्रोल कालवायचं नाही. फक्त २००० वॉटचं मशीन नऊ अँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणून जाड पिनचं १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ स्क्वेअर एमएमची वायर हवी, बारीक एक्स्टेन्शन लावलं तर वायरही तापते आणि मोटरही जळते. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा नको, सकाळीच उरका, आणि लाकडं ओली असताना, पाऊस भुरभुरत असताना हात लावू नका. लाइटवरच्या मशीनलाही चेनचं ऑइल लागतंच, ते भरायचं बरेच जण विसरतात. आणि वायर कायम उजव्या खांद्यावरून मागं टाका, म्हणजे ती चेनसमोर यायची नाही.