काटोलची बाग आणि लडाखचं पाणी

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. काटोलला संत्र्याची बाग, मुलगी यंदा बारावी सायन्स पास, आणि ती म्हणते, ‘लडाखसारख्या सीमाभागातल्या शेतकऱ्यांसोबत हवामानबदलावर काम करीन.’ तुम्ही विचारता, तिकडे बर्फ, वर युद्धाचं सावट, यात पोरीचं भविष्य काय?

भाऊ, या कामाचा पहिला धडा ती तुमच्याच वावरात शिकली. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, तुम्ही पाणी बंद करून झाडांना ताण देता आणि नेमक्या वेळी पाणी सोडता. लडाखचा पेचही वेळेचाच आहे. वर्षाला जेमतेम 100 मिमी पाऊस. जवाच्या पेरणीला पाणी हवं एप्रिल-मेमध्ये, पण उंचावरच्या हिमनदीचं पाणी पोहोचतं जूनच्या सुमारास. बर्फ कमी पडू लागलं, हिमनद्या आटू लागल्या, तसा हा पेच वाढला. चेवांग नॉर्फेल या लडाखी अभियंत्यानं हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या वर, सावलीच्या जागी वळवलं आणि दगडी बांधांमागे गोठवलं. हिमनदीपेक्षा ते खाली असल्यानं लवकर, पेरणीलाच वितळतं. पंप नाही, वीज नाही. बांध फुटला तर गावच तो पुन्हा रचतं.

सीमाभागात हे फार मोलाचं. 1999 मध्ये तोफगोळ्यांमुळे कारगिल भागातली गावं सोडून लोकांना जावं लागलं. 2020 मधल्या चीनसोबतच्या संघर्षानंतर पूर्व लडाखच्या पशुपालकांना हिवाळी कुरणं गाठणं कठीण झालं. रस्ता बंद असताना सुटा भाग मागवावा लागणारं तंत्र तिथं कुचकामी. शिवाय पाण्याची पाळी कुणाची, हे ‘छुरपोन’, म्हणजे गावचं पाणीवाटप पाहणारा माणूस, ठरवतो. त्याच्याशी बोलता येत नसेल तर पदवी असून उपयोग नाही. म्हणून लडाखी भाषा आत्तापासून शिकायला लावा.

शिक्षणाची वाट घराजवळच आहे. सीईटी देऊन नागपूरच्या कृषी महाविद्यालयात बीएस्सी ॲग्री, चार वर्षं. अखिल भारतीय कोट्यातून श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाचाही प्रयत्न करता येईल. पुढे एमएस्सी मृदाशास्त्रात किंवा कृषी हवामानशास्त्रात करावीच. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायला ती लागते. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था तर नागपुरातच अमरावती रोडवर आहे.

तुमची भीती खोटी नाही. तिनं सीमेवरच्या गावात एकटीनं जाऊ नये. विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या गटासोबतच जावं, परवानगी घेऊन. ही अट तुम्ही जरूर घाला.

आणि येत्या डिसेंबरात बागेच्या एका भागाचा ताण तिच्या हाती द्या. कधी द्यायचा, कधी तोडायचा, तिलाच ठरवू द्या, आणि तारखा वहीत लिहायला सांगा.