नॅनोकणांनी कॅन्सर मरतो का? तुमचे प्रश्न

‘लॅबमध्ये नॅनोकणांनी कॅन्सर मारला’ असा फॉरवर्ड फिरला की माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न: नॅनोकण म्हणजे केवढे?
साधारण १ ते १०० नॅनोमीटर. रक्तातली लाल पेशीच ७,००० नॅनोमीटरच्या आसपास असते.

प्रश्न: पेशी मरते कशी?
झिंक ऑक्साइडचंच घ्या. पेशी कण गिळते, आतल्या आम्लात तो विरघळून झिंक सुटतं, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचं) आवरण गळायला लागतं, त्यातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि मग कॅस्पेझ नावाची एन्झाइम्स पेशीला आतूनच कापत सुटतात. याला अपॉप्टॉसिस म्हणतात. डोस वाढवला तर नीट अपॉप्टॉसिस न होता पेशी नुसती फुटते, आणि निरोगी पेशीही मरतात, हे फॉरवर्डमध्ये नसतं.

प्रश्न: बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. केमो महिनाभर थांबवून ऑनलाइन मिळणारे नॅनो सिल्व्हर ड्रॉप्स देऊन बघू का? विकणाऱ्याने रिसर्च पेपरही पाठवलाय.
नाही, अजिबात नाही! पेपर खरा असेल हो, पण त्यात प्लास्टिकच्या प्लेटमधल्या पेशींवर थेट कण ओतलेले असतात, तिथे ना लिव्हर असतं ना किडनी. शरीरात सोडलेले कण बहुतेक लिव्हर आणि प्लीहाच अडवतात. २०१६ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांचे, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग तपासले तर गाठीपर्यंत पोचलेल्या डोसचा मध्यक (म्हणजे निम्मे आकडे याच्या खाली, निम्मे वर) फक्त ०.७ टक्के निघाला, आणि तो सुद्धा इंजेक्शनचा, तोंडाने घेतलेल्या थेंबांचा नाही. त्यात काही कण पेशी जिवंत की मेली हे दाखवणाऱ्या टेस्टच्या रंगाशीच रिॲक्ट होतात, त्यामुळे मेलेल्या पेशींचा आकडाही चुकू शकतो. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते, ते वेगळंच. पण माझा खरा राग त्या महिन्यावर आहे, कारण गाठ तुमचा प्रयोग संपेपर्यंत थांबत नाही आणि ड्रॉप्सवाला तेव्हा फोन उचलत नाही. केमोची भीती वाटत असेल तर तेच ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) सांगा, उलटीवर चांगली औषधं आहेत, डोसही बदलता येतो. याच आठवड्यात जा.

प्रश्न: मग नॅनो औषधं सगळी थापच?
नाही. लायपोसोममधलं (चरबीच्या सूक्ष्म पिशवीतलं) डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध २००५ मध्ये. पण तिथे पेशी मारतं ते केमोचं औषध, कण फक्त वाहून नेतो. तुमच्या पेशंटला चालेल का ते रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: केमोसोबत सुवर्णभस्म चालेल का?
ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय नाही. डबी सोबत घेऊन जा.