विद्यार्थ्यांच्या मतामुळे देशाचं परराष्ट्र धोरण खरंच बदलतं का?

हो बदलतं, पण थेट नाही, आधी विद्यापीठ हलतं, मग संसद आणि सगळ्यात शेवटी सरकार. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचंच बघा, तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांमधून विद्यापीठाचा पैसा काढा अशी मागणी अमेरिकेतली पोरं कॅम्पसवर वर्षानुवर्षं करत होती, १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती मान्य केली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा व्हेटो (नकाराधिकार) झुगारून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दक्षिण आफ्रिकेवर निर्बंधांचा कायदा केला. नुसतं "न्याय हवा" म्हणून भागत नाही, मागणी अशी नेमकी लागते, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फक्त सगळं श्रेय विद्यार्थ्यांचं नाही हां, चर्च, कामगार संघटना, कृष्णवर्णीय खासदार हेही जोरात होते आणि मूळ लढा दक्षिण आफ्रिकेतल्याच लोकांचा.