खुनाच्या रात्रीचं काहीच आठवत नाही, असा नायक वाचकाला पटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या खेड्यात घडणारी थरारकथा लिहिताय. नायक सकाळी वावरात सापडतो, जवळ ओळखीच्या माणसाचं प्रेत, अंगावर रक्त, रात्रीचं काही आठवत नाही. गाव म्हणतं यानंच मारलं. असं खरंच होतं का, पोलीस आधी काय पाहतील, आणि शेवटी त्याची आठवण परत यावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी लेखक नाही. यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. पण 2013 च्या ऑक्टोबरात तुमच्या नायकाच्या जागी मी होतो, म्हणून लिहितोय.

कापसाची सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करायची पूजा, अजून व्हायची होती. वावरात ज्वारीचा एक पट्टा दाण्यावर आलेला, त्यामुळे रानडुकरांसाठी रोज जागल. त्या दिवशी दुपारी माझं आणि मोठेबाबांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडण झालं. धुऱ्याची भांडणं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. मी चारचौघांत त्याला म्हणालो, "पाहून घेतो तुले." संध्याकाळी बैल बांधले, त्यांना कुटार टाकलं. इथपर्यंत मला आठवतं. पुढची आठवण म्हणजे दवाखान्यातला छताचा पंखा, त्याच्या एका पात्याला लागलेलं कोळ्याचं जाळं. मधे तीन दिवस गेले होते.

त्या तीन दिवसांत मी बेशुद्ध नव्हतो, हे ध्यानात घ्या. मायनं नंतर सांगितलं, मी बोलत होतो, पाणी मागत होतो, तिला नावानं ओळखत होतो. फक्त दर पाच मिनिटांनी विचारायचो, "बैल सोडले का?" तिनं उत्तर दिलं की गप्प, आणि पुन्हा तेच. डोक्याला जबर मार लागला की मेंदू काही तास, काही दिवस नोंदच करत नाही. मार लागण्याआधीचा काही वेळही पुसला जातो, कारण ती आठवण पक्की व्हायची राहिलेली असते. जुनं टिकतं, ताजं जातं. म्हणून तुमचा नायक स्वतःचं नाव, गाव, बायको विसरला असं दाखवू नका. डोक्याच्या मारानं सहसा तसं होत नाही, आणि दुसरा मार बसला की सगळं परत येतं हे तर अजिबात नाही. मला शाळेतल्या कविता येत होत्या, कृषी केंद्राची उधारी आठवत होती. एक रात्र तेवढी नव्हती.

दारूचं प्रकरण दाखवायचं असेल तर तिथंही हेच आहे. अति प्यायलेला माणूस भांडतो, गाडी चालवतो, घरी येऊन दार लावतो, आणि सकाळी त्याला काही माहीत नसतं. तो विसरत नाही, त्या वेळी मेंदूत काही उतरलेलंच नसतं. आणखी एक गोष्ट आमच्या बांधाबांधावर उगवते, ती म्हणजे धोतरा. त्याचं बी पोटात गेलं की माणूस बरळतो, नसलेल्या वस्तू हवेत पकडतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातलं बरंचसं आठवत नाही. वाटसरूंना धोतरा घालून लुटायची चाल फार जुनी आहे. कथेत वापरण्याजोगी आहे, पण त्यासाठी खाऊ घालणारा माणूस आणि खाण्याची वेळ आधी पक्की करावी लागेल.

आता पोलिसांचं. भाऊ धुऱ्यावर पडला होता, मी तिथून तीसेक पावलांवर नाल्याच्या दगडांत, डोकं फुटलेलं. गावाला वाटलं कुऱ्हाडीनं मारामारी झाली. पण शर्टावरचं रक्त सगळं माझंच होतं. भावाच्या अंगावर एकच खूण होती, घोट्याच्या वर. वाटाण्याएवढा फिकट खड्डा, कडा उचललेल्या, आत काळसर. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि करंट असं लिहिलं. बाहेरच्या जिल्ह्यांतल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कुंपणाचं झटका मशीन वेगळं, ते थांबून थांबून झटका देतं, जनावर पळतं, मरत नाही. काही जण मात्र लाइनवर आकडा टाकून थेट वीज साध्या तारेत सोडतात. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेनं माणसं मरतात, दरवर्षी मरतात, आमच्या पट्ट्यात कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती.

तार जागेवर नव्हती. उजाडायच्या आत कोणीतरी गुंडाळून नेली होती. बाभळीच्या एका खुंटीला वीतभर तुकडा राहिला होता आणि खाली जळालेलं गवत. पंचनाम्यात ते सगळं आलं. म्हणजे प्रश्न खुनाचा राहिला नाही, तार कोणाची हा झाला. आणि त्याच आठवड्यात बाबांनी पाच किलो तार आणली होती.

तुमच्या कथेत वेग इथून येईल असं मला वाटतं. पाठलाग नको, गोळीबार नको. लाइन किती वाजता आली, किती वाजता गेली, कोणाचा मोबाईल कधी लागला, अटक झालीच तर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, ही घड्याळं एकाच वेळी चालू द्या. नायकाला प्रत्येक तासाचा हिशेब मागितला जातो आणि त्याच्याकडे तो नाही.

पण खरी भीती वेगळीच असते आणि ती मी कुठंच नीट लिहिलेली पाहिली नाही. कोरी जागा कोरी राहत नाही.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हापासून खाटेशेजारी माणसं बसायची. कोणी वाईट मनानं नाही. मोठेबाबा यायचे, त्यांचा मुलगा गेलेला, त्यांना कळायला हवं होतं. "तुले काहीच कसं आठवत नाही बापा? तार पकडीनं सोडली का हातानं? बॅटरी होती न तुह्याजवळ? पळसाखाली बसला असशीन तू." काका म्हणायचे, "डुकरासाठीच लावली असन, कोणाले मारासाठी थोडीच लावली." ते मला धीर देत होते. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, तेच.

नवव्या की दहाव्या दिवशी मला आठवलं.

पळसाखाली मी उकिडवा बसलोय. बॅटरी दातांत धरलीय, तिच्या लोखंडाची आंबट चव जिभेवर आहे. पकडीनं बंडलाची गाठ तोडतोय आणि सुटलेलं टोक अंगठ्याला टोचलं. अंगठा मी तोंडात घालायला गेलो तर तोंडात बॅटरी. इतकं स्पष्ट. लग्नाचा दिवसही मला इतका स्पष्ट आठवत नाही. मी रडत मायला म्हणालो, "मीच मारलं भावाले." ती काही बोलली नाही, तिनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. काही माहीत नसण्यापेक्षा गुन्हेगार असणं सोपं होतं, त्या दिवसापुरतं तरी.

तसाच ठाण्यात गेलो. जमादार निवृत्तीला आलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, काही लिहिलं नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुरावा कायद्याचं कलम 25 होतं ते, आता नव्या साक्ष अधिनियमात कलम 23 झालंय. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटपुढे, आणि तेही आधी बजावतात की तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरू. तुमच्या कथेतला ठाणेदार नायकाकडून सही घेऊन केस संपवत असेल, तर वाचकांतला एखादा वकील तिथंच पुस्तक मिटेल. नार्कोचंही तसंच. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्येच सांगितलंय की संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. आणि ज्याच्या मेंदूत नोंदच नाही त्याला इंजेक्शन देऊन काय निघणार? तो आणखी रचेल.

जमादारांनी मला एकच विचारलं, "बंडल कुठी हाय?"

मला सांगता येईना. ते दोन पंच घेऊन घरी आले. कुटाराच्या खोलीत, ढेपीच्या पोत्यामागे बंडल होतं. दुकानदारानं बांधलेल्या तिन्ही गाठी जागच्या जागी. काट्यावर ठेवलं, भरलं पाच किलो. मी तिथं उभा होतो. माझ्या जिभेवर बॅटरीची चव होती आणि समोर न सुटलेलं बंडल होतं. त्या क्षणाएवढा मी कधी घाबरलो नाही, ना आधी ना नंतर. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की काट्यावर?

पुढची दोन वर्षं मी हाताला लागेल ते वाचलं. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता? आठवड्यानं पुन्हा बोलावून विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्या का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी पहिल्या 50 पैकी 7 जण हो म्हणाले, चक्काचूर ऐकलेल्या 50 पैकी 16. एका शब्दानं काच फुटली. माझ्याकडे तर आठ दिवस पकड, बॅटरी, पळस असं सगळं सामान आणून ठेवलं होतं. चव आणि अंगठ्याचं टोचणं तेवढं माझ्या मेंदूनं पदरचं घातलं.

तुमच्या कथेत हेच करून पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आठवणी परत येऊ द्या, एकेक, भरगच्च, वास-चवीसकट, आणि त्या खोट्या असू द्या. वाचकाला आधीच्या प्रकरणात त्या आठवणीचं मूळ ऐकवून ठेवा, कोणाच्या तरी सहज बोलण्यात. आणि जो माणूस नायकाला सर्वात जास्त धीर देतो त्याच्याच प्रश्नांतून गुन्हा रचला जाऊ द्या. तो खलनायक असायची गरज नाही. माझे काका नव्हते.

तार दुसऱ्याच एका शेतकऱ्याची निघाली. त्याच्या विहिरीतून काढली, खुंटीवरच्या तुकड्याशी जुळली. त्याची डुकरं, त्याची ज्वारी, आणि आमच्या धुऱ्यावरून ओढलेला त्याचा आकडा. पहाटे पाहिलं आणि भीतीपोटी गुंडाळून टाकली. सदोष मनुष्यवधाची केस चालली. मी साक्षीदार होतो. सरकारी वकिलानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला आठवत नाही. एवढीच माझी साक्ष. पळसाखालचं चित्र मी सांगितलं नाही, पण ते गेलेलंही नाही. अजून डोळ्यांसमोर येतं.

राहिला शेवटचा प्रश्न. खरी आठवण परत येऊ नये, असं मी म्हणेन. कोरा पट्टा थोडाफार आखडतो. मला सहा महिन्यांनी वावराकडे जाताना नाला ओलांडल्याचं आठवलं, ते खरं की खोटं हेही ठरवता येत नाही. मार बसला त्याच्या अगदी जवळचा भाग सहसा येतच नाही. मी तारेला चिकटलेल्या भावाला सोडवायला गेलो आणि फेकलो गेलो, की तो मला सोडवायला आला, की आधी भांडलो, हे कोणालाच ठाऊक नाही. तो त्या रात्री आमच्या धुऱ्यावर कशाला आला, तेही नाही.

पंचनाम्याची नक्कल माझ्याकडे आहे. मयताच्या अंगावरील वस्तूंमध्ये चौथ्या ओळीत लिहिलंय: खर्र्याच्या पन्न्या, नग 2. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा भाऊ दिवसाला एकच पन्नी खायचा. दुसरी, भांडण नसेल तेव्हा, माझ्यासाठी आणायचा.