कॉलेजात उद्योजकता हा विषय घेतल्याने मुलं खरंच धंद्यात पडतात का? मी शेवटच्या वर्षाला आहे, घेऊ का?

घ्या, पण आधी एक चौकशी करा, प्रत्यक्ष काही विकायला लावतात का. मी साताऱ्यात बीकॉम करताना आम्हाला हा पेपर होता, अर्धं वर्ष उद्योजकाचे गुण पाठ करण्यात गेलं, त्याने कुणाच्या डोक्यात धंदा शिरणार सांगा. मग मॅडमनी गॅदरिंगला स्टॉल लावायला लावला. आम्ही चौघींनी कांदा लसूण मसाला केला, मिरच्यांचे देठ काढले, खोबरं भाजलं, डंकावर कुटून आणला आणि पाव किलोची पाकिटं १०० रुपयांना लावली, दोन तासात ४० पाकिटं संपली, आम्ही अक्षरशः नाचलो. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या वही काढा, डंकाचे पैसे धरले का, गॅस धरला का, आणि तुमची दोन दिवसांची मजुरी कुठंय? मजुरी धरली तर पदरचे पैसे गेलेले.

दोघींनी तिथंच ठरवलं, आपण नोकरीच करायची. हे अपयश नाही हो, २०१० साली छापून आलेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पण हेच दिसलं, विद्यार्थ्यांना वर्षभर छोटी कंपनी चालवायला दिली तर धंदा करायची इच्छा उलट कमी झाली. घर गहाण टाकल्यावर कळण्यापेक्षा विसाव्या वर्षी कळलेलं कितीतरी बरं.

मी मात्र तीन वर्षं नोकरी करून मसाल्यातच आले. आइझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलंय की इरादा तीन गोष्टींवर बनतो, आपल्याला ते काम कसं वाटतं, जवळच्यांना काय वाटतं आणि आपल्याला जमेल असं वाटतं का. आपल्याकडे गाडी यातल्या दुसऱ्या गोष्टीवरच अडते. माझे वडील म्हणायचे पगार असला की स्थळं येतात, त्यावर कुठल्या पेपरात उत्तर नव्हतं. त्यांना मी जिल्हा उद्योग केंद्रात सोबत घेऊन गेले, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या सरकारी योजनेत धंद्याच्या खर्चातले आपले ५ ते १० टक्के घालायचे, १५ ते ३५ टक्के अनुदान, बाकी बँकेचं कर्ज, हे त्यांनी साहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठं नरमले.

आणि स्टॉल लावलात तर मजुरीचा रकाना पहिल्याच दिवशी आखून ठेवा.