फ्रेंच लीजन, एजंटचे तीन लाख आणि नागपूरचे जॉन स्मिथ

प्रश्न: सर नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातला, वय २४. आर्मी भरतीची खूप तयारी केली, ग्राउंड निघायचं पण मेरिटला नाव नाही यायचं आणि आता वयच निघून गेलं. फ्रेंच फॉरेन लीजन म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातल्या परदेशी लोकांच्या दलाचे व्हिडिओ बघतो, तिथे बाहेरच्या देशातल्या पोरांना घेतात म्हणे. एक एजंट तीन लाखात डायरेक्ट सिलेक्शन करून देतो म्हणतोय, फ्रान्सचं नाही जमलं तर रशियात हेल्परची पोस्ट आहे असंही म्हणाला. वडील सोनं मोडायला तयार झालेत. काय करू?

उत्तर: आधी वडिलांना थांबव. लीजनमध्ये भरतीला एक पैसा लागत नाही आणि त्यांचा बाहेर कुठे एजंट नसतो. तिकीट आणि व्हिसा आपला आपण बघायचा, फ्रान्समध्ये जायचं आणि पॅरिसजवळच्या किंवा मार्सेजवळ ओबान्यच्या भरती केंद्राच्या गेटवर पासपोर्ट घेऊन स्वतः उभं राहायचं, एवढीच पद्धत आहे. व्हिसाला लीजन काही मदत करत नाही, त्यामुळे खरी अडचण तिथेच येते. आणि तिथून पुढेही बहुतेक पोरं मेडिकल, फिटनेस, मुलाखत यातच परत पाठवली जातात, म्हणून "डायरेक्ट सिलेक्शन" म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

बाकी लीजन खरी आहे आणि जुनी आहे, १८३१ मध्ये राजा लुई फिलिपने परदेशी लोकांसाठी उभी केली. साडेसतरा ते साडेएकोणचाळीस वय चालतं, म्हणजे तुझं वय अजिबात गेलेलं नाही. फक्त पुरुषांना घेतात, पहिला करार पाच वर्षांचा. दक्षिण फ्रान्समधल्या कास्तेलनोदारीला चार महिने ट्रेनिंग, त्यातला पहिला महिना गावाबाहेरच्या एका फार्मवर, आणि तिथे सगळे ऑर्डर फ्रेंचमध्ये. फ्रेंच येत नसलेल्या पोराची जोडी फ्रेंच येणाऱ्याशी लावतात. दिवसभर पळायचं, मार्च करायचा, शर्टाची घडी अन् घडी इस्त्रीने बसवायची आणि लीजनची गाणी अर्थ कळो न कळो तोंडपाठ करायची, ती सगळ्यांनी एका सुरात म्हणत चालायचं. लाँग मार्च पूर्ण झाला की मग पांढरी टोपी मिळते, केपी ब्लाँ. ती टोपी डोक्यावर चढवायला पोरं जीव टाकतात, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पोस्टिंग कुठेही, कोर्सिका बेटावर नाहीतर दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या जंगलात कुरूच्या रॉकेट केंद्राच्या राखणीला.

तीन वर्षं झाली की फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण ते घेतलंस तर आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व जातं. घरी एकटा मुलगा असशील तर हे आई-वडिलांना आधीच सांग, नंतर नको.

आता रशियाचं. हे मात्र स्पष्ट सांगतो, त्या वाटेला अजिबात जाऊ नकोस. हेल्पर, सिक्युरिटी गार्ड असं सांगून आपल्याकडची पोरं नेली, तिथे रशियन भाषेतल्या कागदावर सह्या घेतल्या आणि युक्रेनच्या लढाईत पाठवली, त्यातली काही मेली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या एजंटांवर छापे टाकले त्यात मुंबईही होती, आणि त्याच जुलैत पंतप्रधान मॉस्कोला गेले तेव्हा या पोरांना सोडा म्हणून त्यांना तिथे विषय काढावा लागला. ज्या कागदातलं अक्षर वाचता येत नाही त्यावर सही करणारा पोरगा व्हॉलंटियर कसला, तो फसवलेला माणूस. त्या एजंटचा नंबर, मेसेज जपून ठेव आणि पोलिसात दे, कारण तू नाही गेलास तर तो तुझ्या शेजारच्या गावात जाईल.

प्रश्न: परदेशी लढाईत स्वतःहून गेलेला कुणी मराठी माणूस आहे का? (एक वाचक, वर्धा)

उत्तर: आहेत ना, आणि तुमच्या शेजारचेच, नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. लोक त्यांना बाळाजी म्हणायचे. सुरुवातीच्या काळात ते संघाचे सरकार्यवाह होते. पुढे पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला इंटरनॅशनल ब्रिगेड या परदेशी स्वयंसेवकांच्या फौजेत दाखल झाले, तेही "जॉन स्मिथ" या नावाने. या ब्रिगेडमध्ये पन्नासावर देशांतले अंदाजे पस्तीस हजार लोक होते. १९३८ मध्ये गांदेसाच्या बाजूला ते फ्रँकोच्या हाती लागले आणि बुर्गोसजवळ सान पेद्रो दे कार्देन्या नावाच्या एका जुन्या मठात, जिथे ब्रिगेडच्या कैद्यांचा कँप केला होता, तिथे डांबले गेले. त्याच वर्षी सुटका झाली, लंडनला परत आल्यावर तिथल्या भारतीयांनी त्यांचा सत्कार केला. मग नागपूरला येऊन ते कम्युनिस्ट पक्षात गेले. संघ ते स्पेन ते कम्युनिस्ट पक्ष हा प्रवास कुणाला पटो न पटो, पण शाळेच्या पुस्तकात या माणसाला दोन ओळी तरी मिळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. नागपूर-वर्ध्याकडे कुणाच्या घरी त्यांची पत्रं, भाषणांची कात्रणं असतील तर आम्हाला जरूर कळवा.