डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणपती-दिवाळीच्या खरेदीचे दिवस जवळ आले की कॅमेऱ्याविषयीची पत्रं वाढतात, आणि बहुतेकांचा पेच एकच असतो : आत आरसा असलेला डीएसएलआर घ्यावा की आरसा नसलेला मिररलेस? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे. घरातले फोटो, बारशी-साखरपुडे आणि थोडे व्हिडिओ एवढंच करायचंय. सेकंड हँड निकॉन डी५६०० दोन लेन्ससकट मिळतोय. थोडे पैसे वाढवले तर किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स) नवा मिररलेस कॅनन आर५० येतो. काय घेऊ?
— एक वाचिका, डोंबिवली

आधी त्या दोन लेन्स कोणत्या आहेत ते विचारा. त्यात ३५ एमएम एफ/१.८ असेल तर सौदा चांगला आहे. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त. आर५०सोबत येणारी १८-४५ एमएमची लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ/६.३वर येते. एफ/१.८ची लेन्स तिच्या साधारण बारापट उजेड आत घेते. म्हणजे संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटमध्ये किट लेन्सला १/६० सेकंदासाठी आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा; वाढवला की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत असेल, तर तोच फोटो ३५ एमएमने आयएसओ ५००च्या आसपास निघतो. त्यातही दोन वर्षांचं मूल १/६०ला हलतंच. निदान १/२५० हवं, म्हणजे आणखी चौपट उजेड हवा. तिथे किट लेन्स हात टेकते, मग बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कितीही नवी असो. ५० एमएम स्वस्त मिळते, पण या दोन्ही कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर (फोटो टिपणारा भाग) ती निकॉनला ७५ आणि कॅननला ८० एमएमसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत तिच्यात चार माणसं एकत्र मावत नाहीत.

डीएसएलआरची खरी अडचण दुसरीच आहे. त्यात फोकस ठरवणारा भाग आरशाच्या खाली वेगळा बसवलेला असतो, फोटो मात्र मागच्या सेन्सरवर उमटतो. या दोन वाटांच्या लांबीत किंचित फरक पडला तरी व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायची खिडकी) फोकस लागल्याची खूण येते आणि फोटोत डोळ्याऐवजी कान स्पष्ट दिसतो. वरच्या श्रेणीच्या बॉडीत हा फरक मेन्यूतून दुरुस्त करता येतो, डी५६००मध्ये ती सोय नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे हा घोळ उद्भवतच नाही. शिवाय तो डोळा ओळखतो आणि मूल पळालं तरी सोडत नाही. व्हिडिओत तर डी५६००चा फोकस मागेपुढे चाचपडत राहतो.

पळणारं मूल आणि व्हिडिओ या दोन्ही गोष्टी तुमच्या यादीत आहेत, म्हणून आमचं मत आर५०च्या बाजूने. मात्र किट लेन्सवर थांबू नका. सिग्मा कंपनीच्या या आकाराच्या सेन्सरसाठीच्या लेन्स २०२४पासून कॅननच्या आरएफ माउंटमध्ये (मिररलेस बॉडीवर लेन्स बसते ती जागा) मिळू लागल्या आहेत. त्यातली १८-५० एमएम एफ/२.८ घेतलीत की झूमच्या टोकाला किटच्या पाचपट उजेड मिळेल. घरात जुना फ्लॅश पडून असेल तर दुकानातच विचारा : आर५०च्या वरच्या शूमध्ये (फ्लॅश बसवायची खाच) नेहमीचा मधला संपर्कबिंदू नाही, जुना कॅनन फ्लॅश लावायला एडी-ई१ हा वेगळा ॲडॉप्टर लागतो. आणि दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. डी५६०० एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीप्रमाणे ९७० फोटो काढतो. मिररलेसचा स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू असल्याने तो त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

प्रश्न : फोर्टात, बोराबाजारच्या बाजूला सेकंड हँड डीएसएलआर बघायला जाणार आहे. काय तपासू?
— एक वाचक, भायखळा

स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड, मोबाइलचा टॉर्च आणि एक वर्तमानपत्र सोबत न्या.

लेन्स बॉडीवरून काढून ॲपर्चर, म्हणजे आतलं उजेडाचं छिद्र, उघडं ठेवा आणि टॉर्च तिरका धरून आरपार बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात, पण कोळिष्टकासारखे बारीक तंतू किंवा कडेला फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईत कपाटात नुसत्या ठेवलेल्या लेन्सना ती हमखास लागते. साफ केली तरी काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतोच. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नका.

मग एफ/१६ आणि आयएसओ १००वर, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, भावात तेवढं कमी करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी वर्तमानपत्राची. ते टेबलावर पसरा, ४५ अंशांच्या कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडी (एफचा सर्वांत लहान आकडा) ठेवून दोन फोटो काढा : एक व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूच्या फोटोत तीच ओळ ठसठशीत आणि व्ह्यूफाइंडरच्या फोटोत पुढची-मागची ओळ स्पष्ट, असं झालं तर वर सांगितलेला फरक या बॉडी-लेन्सच्या जोडीत आहे. भायखळ्याला परतल्यावर कळण्यापेक्षा काउंटरवर कळलेलं बरं.

शटर किती वेळा पडलंय तेही बघा. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच हा आकडा दडलेला असतो, कॅननच्या बहुतेक बॉडींना वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी५६००चं शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं असतं, डी७२०० आणि डी७५००चं १.५ लाख. आकडा ओलांडला म्हणजे शटर लगेच जातं असं नाही, पण भाव त्याप्रमाणेच द्यायचा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी तिथेच ताडून पाहा.

प्रश्न : डीएसएलआर बंद होणार म्हणतात. माझा कॅनन ९०डी विकून टाकू का?
— एक वाचक, वसई

नको. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८मध्ये नव्या मिररलेस माउंटला सुरुवात केली आणि त्यांचे सर्वांत वरचे डीएसएलआर, १डी एक्स मार्क ३ आणि डी६, २०२०चे आहेत. त्यांचा जोर तेव्हापासून मिररलेसवर आहे, हे खरं. पण ९०डी आज जसे फोटो काढतो तसेच पुढेही काढेल, आणि त्याला चालणाऱ्या, वापरलेल्या ईएफ लेन्स आता इतक्या स्वस्त झाल्या आहेत की तुमच्यासाठी ही घेण्याची वेळ आहे, विकण्याची नव्हे. पुढे कधी बदललंत तर कॅननच्या ॲडॉप्टरवर याच लेन्स ऑटोफोकससकट चालतील.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी७२००, २००-५०० एमएम एफ/५.६ आणि जुनी ५० एमएम एफ/१.८डी आहे. ठाण्याची खाडी आणि भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी टिपतो. मिररलेस घेतला तर लेन्स वाया जातील का?
— एक वाचक, ऐरोली

२००-५०० वाया जात नाही. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंत ४६.५ एमएम अंतर असतं, झेड या मिररलेस मालिकेत १६ एमएम. एफटीझेड ॲडॉप्टर म्हणजे मधली ३०.५ एमएम भरून काढणारी पोकळ नळी आणि विजेचे संपर्कबिंदू. त्यात काच नाही, त्यामुळे फोटोचा दर्जा घसरत नाही. फोकस आणि व्हीआर (हाताची थरथर कमी करणारी सोय) दोन्ही चालतात. ५० एमएम डीचं मात्र तसं नाही. तिच्यात मोटर नाही, तिचा फोकस डी७२००च्या पोटातली मोटर फिरवते आणि एफटीझेडमध्ये अशी मोटरच नाही. तिथे हाताने फोकस करावा लागेल.

बदलाचा फायदा तुम्हाला दोन जागी जाणवेल. डी७२००चे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्याभोवती आहेत. १.४चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावून लेन्स एफ/८वर गेली की भरवशाचा एकटा मधला बिंदू उरतो, आणि पक्षी कडेला ठेवायचा तर आधी फोकस करून मग चौकट सरकवावी लागते. तेवढ्यात तो उडतो. झेड५०-२ सारखी बॉडी पक्षी ओळखून चौकटीत जवळजवळ कुठेही त्याच्या डोळ्यावर राहते. दुसरं म्हणजे प्री-रिलीज : बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आधीचे क्षण साठवत राहतो, त्यामुळे खंड्याने सूर मारला ते क्षण बोट उशिरा पडलं तरी हाती लागतात. हे फोटो जेपीईजीमध्येच मिळतात. सेन्सर सावकाश वाचला जात असल्याने वेगाने फडफडणारे पंख कधीकधी वाकडेही येतात.

पण फ्लेमिंगो धूसर येतात ही तुमची तक्रार असेल तर कॅमेरा बदलून ती जाणार नाही. ऊन वर आलं की चिखलावरची तापलेली हवा थरथरते आणि ५०० एमएमवर ती थरथर फोटोत उतरते. सकाळी लवकर जा. भरतीचं वेळापत्रक बघून, पाणी चढताना पक्षी काठाकडे सरकतात तेव्हा टिपा. जवळून काढलेल्या फोटोची बरोबरी कुठलीही बॉडी करत नाही.

प्रश्न : प्रायोगिक नाटकांचे फोटो काढतो. डीएसएलआरचा खटका प्रेक्षकांना खुपतो म्हणून मित्राचा मिररलेस सायलेंटवर वापरला, तर फोटोंवर आडवे पट्टे आले. कॅमेरा खराब आहे का?
— एक वाचक, विलेपार्ले

कॅमेरा ठीक आहे, पट्टे दिव्यांचे आहेत. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि साध्या बॉडीत त्याला १/२० ते १/६० सेकंद लागतो. रंगमंचावरचे एलईडी मंद करताना ते फार वेगाने चालू-बंद केले जातात. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना, आणि त्याच उजळ-काळ्या पट्ट्या होतात.

शटर १/१०० किंवा १/५०वर आणून पाहा. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर मिणमिणणाऱ्या दिव्यांचे पट्टे यात जातात. एलईडीचे गेले नाहीत तर यांत्रिक शटर किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक पडद्याने) हाच उपाय. त्याचा आवाज येतो, पण आरसा उचलला जात नसल्याने डीएसएलआरपेक्षा हलका. कॅमेऱ्यात हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन असेल तर शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी सरकवता येतो. पट्टे व्ह्यूफाइंडरमध्ये नाहीसे होईपर्यंत सरकवा. प्रकाशयोजना बदलली की पुन्हा तपासा.

मॅन्युअल मोड, एफ/२.८, आयएसओ ३२०० आणि रॉ (सेन्सरची कच्ची फाइल), इथून सुरुवात करा. लाल किंवा निळ्या झोतात चेहरा असेल तर नेहमीचा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) फसवतो, एकच रंग जळून गेलेला असतो. तेव्हा रंगांचे तिन्ही आलेख वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी ठेवा. मागचा स्क्रीन बंद, फोकसचा मदतदिवा बंद, बीप बंद. अंधारात तो केशरी दिवा नटाच्या डोळ्यात जातो. आणि दिग्दर्शकाकडे रंगीत तालमीला येण्याची परवानगी मागा : तेच दिवे, तीच वेशभूषा, आणि प्रेक्षक नसल्याने यांत्रिक शटर मोकळेपणी वापरता येतं.